किसणीचे दात, आपली बोटे

आषाढी एकादशीची सकाळ. सहा-सात माणसांसाठी बटाट्याचा कीस करायचा आहे. गॅसवर कढईत तूप तापत ठेवले आहे आणि हात बटाट्याच्या पाण्याने बुळबुळीत झाले आहेत. किसता किसता सुपारीएवढा तुकडा उरतो. तो टाकून द्यायला मन होत नाही. 'एवढाच तर आहे' म्हणत हात आणखी दोनदा खाली जातो आणि अंगठ्याचे पेर किसणीच्या दातांवरून घसरते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे कधी ना कधी घडलेले असते. सुरीला आपण जपून हात लावतो, विळीवर बसताना लहान मुलाला लांब करतो. किसणीचा धाक मात्र कोणालाच नसतो.

ती विकत घेतानाही आपण फारसा विचार करत नाही. कधी भांड्यांच्या दुकानात दुसऱ्याच वस्तूसोबत ती घेतली जाते, कधी बोहारणीकडून जुन्या साड्यांवर येते, कधी प्रदर्शनात 'एकात सहा' असा संच गाजराच्या फुलांसह दाखवला जातो आणि आपण भुलतो. मग खणात तीन-तीन किसण्या पडून राहतात आणि रोजच्या कोशिंबिरीला तीच जुनी, कडेला गंजलेली किसणी हातात येते. एकच पण सगळ्या कामांना पुरणारी किसणी हवी असेल तर सोबत किती पाती मिळतात हे मोजत बसू नये. दात भाजी कापतात की फाडतात, आणि जोर लावल्यावर किसणी जागची हलते का, हे पाहावे. या दोन गोष्टींवर कोशिंबिरीची चव, जेवणातले काही पोषण आणि आपल्या बोटांची सुरक्षितता अवलंबून असते.

कापणे आणि फाडणे

गाजराचा किंवा बटाट्याचा तुकडा म्हणजे पाण्याने तट्ट फुगलेल्या असंख्य पेशींची रचलेली भिंत. धारदार दात या भिंतीतून जातो तेव्हा त्याच्या वाटेत येणाऱ्या पेशीच तेवढ्या फुटतात. बोथट दात आधी भाजी दाबतो, चेंगरतो आणि मग ओढून तोडतो. त्यात आजूबाजूच्या पेशींचे थरही फुटतात. म्हणून एकाच काकडीचा कीस एका किसणीवर मोकळा, तजेलदार पडतो आणि दुसरीवर पाच मिनिटांत ताटलीत पाण्याचे तळे साचते. मीठ घातल्यावर पाणी सुटणारच, ते मीठ ओढून घेते. पण मीठ घालण्याआधीच पाणी सुटत असेल तर दोष किसणीच्या धारेचा. काकडी किसण्याऐवजी चोचवून घेण्याची जुनी पद्धत चांगली का लागते, याचेही उत्तर इथेच आहे. सुरीने चोचवताना पेशी कमी चेंगरतात.

किसल्यावर आणखी एक गोष्ट वाढते, ती म्हणजे हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग. साधा हिशेब करून पाहू. शंभर ग्रॅम गाजराचे दोन सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ३०० चौरस सेंटीमीटर होतो. त्याच गाजराचा दोन मिलिमीटर जाडीचा कीस केला तर तो सुमारे २,००० चौरस सेंटीमीटरवर जातो. म्हणजे जवळपास तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा. एका गाजराचे एवढे मोठे अंग हवेला उघडे पडते, तेव्हा त्यात रासायनिक घडामोडी वेगाने सुरू होतात. काही आपल्या फायद्याच्या असतात, काही नसतात.

फायद्याचे उदाहरण गाजराचेच घ्या. शरीरात ज्याचे 'अ' जीवनसत्त्व बनते ते बीटा-कॅरोटीन गाजराच्या पेशींमध्ये कोंडलेले असते. पेशीची भिंत फुटली नाही तर ते तसेच बाहेर पडून जाते. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रयोगशाळेत पचनक्रियेची नक्कल करून हे मोजले होते. कच्च्या गाजराच्या तुकड्यांतून जेमतेम ३ टक्के बीटा-कॅरोटीन मोकळे झाले. गाजर अगदी लगदा होईपर्यंत वाटल्यावर २१ टक्के, तो लगदा शिजवल्यावर २७ टक्के आणि त्यात तेल घातल्यावर ३९ टक्के. घरचा कीस म्हणजे तुकडा आणि लगदा यांच्या मधली अवस्था, त्यामुळे हे आकडे तसेच्या तसे आपल्या ताटाला लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची किंवा तुपाची फोडणी घालण्याची आपली रीत चवीसाठी पडली असेल, तिला पोषणाचाही आधार आहे.

लसणाची गोष्ट याहून मजेशीर. अख्ख्या पाकळीला जवळजवळ वास नसतो. तिच्यातले ॲलिन हे संयुग आणि ॲलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली किंवा किसली की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होते. लसणाचा तो झणझणीत वास ॲलिसिनचा. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून किसलेला लसूण लगेच कडकडीत तेलात न टाकता आठ-दहा मिनिटे तसाच ठेवला तर ॲलिसिन बनायला सवड मिळते. मुळा किसल्यावर नाकात जाणारा उग्रपणाही असाच, किसण्याच्या क्षणी जन्माला येतो.

उपवासाच्या साबुदाण्यामागेही किसणीच आहे. आपला साबुदाणा कसाव्याच्या, म्हणजे टॅपिओकाच्या कंदापासून बनतो आणि तमिळनाडूतील सेलम हे त्याचे मोठे केंद्र. कसाव्याच्या कंदात लिनामरिन नावाचा पदार्थ असतो. त्यापासून विषारी सायनाइड मोकळे होऊ शकते. कंद बारीक किसला की त्याच्याच पेशींतले विकर लिनामरिनचे तुकडे करते आणि पुढच्या धुण्या-गाळण्यात व तापवण्यात सायनाइड निघून जाते. कारखान्यात हे काम दातेरी यांत्रिक ढोल करतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले आदिवासी मात्र लाकडी फळीत अणकुचीदार दगडांच्या कपच्या ठोकून बनवलेल्या किसणीवर ते हातांनी करत आले आहेत. कंद खाण्याजोगा करण्यात त्या किसणीचा मोठा वाटा आहे.

आता तोट्याची बाजू. किसलेला बटाटा किंवा सफरचंद काळे पडते, कारण फुटलेल्या पेशींतले विकर हवेतल्या ऑक्सिजनशी संगनमत करते. बटाटा थेट पाण्यात किसला किंवा सफरचंदावर लिंबू पिळले तर हे मंदावते. काकडी आणि दुधीसारख्या भाज्यांत 'क' जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते आणि किसल्यावर ते कामाला लागते. म्हणून कोशिंबीर सकाळी करून रात्रीपर्यंत झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाने वाढायच्या आधी किसावे हेच बरे.

दुधी किसण्याआधी त्याची एक छोटी फोड जिभेला लावून पाहा. कडू लागली तर दुधी सरळ टाकून द्या, ती फोडही थुंकून टाका. दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन ही कडू, विषारी संयुगे वाढलेली असतात. ती शिजवून जात नाहीत आणि साखर-खव्यात कडूपणा लपूही शकतो. कडू दुधीच्या रसाने देशात मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि कडू दुधी अजिबात वापरू नये, असा स्पष्ट सल्ला समितीने दिला होता. एकदा किसून सगळे एकत्र झाले की कुठला दुधी कडू होता हे शोधता येत नाही.

दुकानात काय पाहायचे

किसणी उजेडासमोर आडवी धरून एका बाजूने तिच्या भोकांकडे पाहा. चांगल्या किसणीत प्रत्येक भोकाची एकच कड पाकळीसारखी वर उचललेली असते आणि ती कड पातळ, सरळ असते. सगळ्या पाकळ्यांची उंची सारखी दिसली पाहिजे. काही वर, काही खाली असतील तर वर आलेले दात सगळा भार घेतात आणि भाजी अडकत, झटके देत सरकते. बोट घसरते ते या झटक्यांनी. कड गोलसर, जाड दिसत असेल तर तिला धार नाही, नुसती भोके आहेत. धार बोट फिरवून पाहू नका, डोळ्यांनी पुरेशी कळते.

दुसऱ्या प्रकारात पत्रा खिळ्याने आरपार ठोकल्यासारखा असतो, आणि भोकाभोवती चारही बाजूंनी काटे उभे राहिलेले असतात. हे दात कापत नाहीत, ओरबाडतात. जायफळ, सुकी सुंठ, कडक चीज यांना ते चालतात. आल्यासाठी मात्र हा प्रकार डोकेदुखी आहे. धागे काट्यांत गुंततात आणि धुताना स्पंजचेच तुकडे किसणीत राहतात. चारही बाजूंच्या किसणीत एक बाजू हमखास अशी असते आणि माझ्या पाहण्यात ती बाजू कोणीही फारशी वापरत नाही.

तिसरा प्रकार तुलनेने नवा, लांबट पट्टीसारखा. त्याची कथा सुताराच्या बाकावर सुरू होते. अमेरिकेतील अर्कान्सॉ राज्यातल्या एका कंपनीने लाकूड तासण्यासाठी रसायनाने धातू कोरून अतिशय तीक्ष्ण दातांची कानस बनवली. १९९४ मध्ये कॅनडातल्या एका गृहिणीने केकसाठी संत्र्याची साल किसताना वैतागून नवऱ्याचे हे हत्यार उचलले आणि सालीचा नुसता भुगा पडला. ते हत्यार पुढे 'मायक्रोप्लेन' नावाने जगभरच्या स्वयंपाकघरांत गेले आणि आता तशा पट्ट्या आपल्याकडेही मिळतात. आले-लसूण, लिंबाची साल, जायफळ, चीज यांना तिला तोड नाही. लिंबाची फक्त पिवळी साल निघते, खालचा कडू पांढरा भाग तसाच राहतो. पण गाजराचा हलवा तिच्यावर करायचा म्हटले तर रात्र होईल आणि हाती लगदा येईल.

मग घ्यायची कोणती? आपल्या घरात खरोखर काय किसले जाते ते आठवून पाहा. गाजर, दुधी, मुळा, बीट, कैरी, बटाटा, रताळे यांना जाड, कापणारे दात लागतात. सुके खोबरे, गूळ, पनीर, चीज यांना मध्यम ते बारीक. आले, लसूण, जायफळ यांना अगदी बारीक. ओला नारळ या यादीत येतच नाही, त्याला खवणीच हवी. म्हणजे जाड आणि बारीक अशा दोन धारांची एक भक्कम किसणी घेतली की रोजचे बहुतेक काम होते. आले-लसूण तुम्ही ठेचतच असाल तर ती पट्टीही घेऊ नका.

काप करण्याचे आडवे पाते, म्हणजे वेफर्सचे, त्याच किसणीवर असावे की नाही? माझे मत, नसावे. ते पाते सगळ्यांत धोकादायक असते. दातांवर घसरलेले बोट खरचटते, या पात्यावर घसरलेल्या बोटाचा शेंडाच जाऊ शकतो. चारही बाजूंच्या किसणीत एका बाजूला किसताना हात दुसऱ्या बाजूच्या या पात्याला लागतो. वेफर्स वर्षातून एकदा, उन्हाळ्यात करत असाल तर बटाटा पकडण्याच्या झाकणासह वेगळी फळी घ्या आणि ते झाकण पहिल्या दिवशीच माळ्यावर टाकू नका.

सहा पात्यांच्या प्लास्टिकच्या संचाबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. पाती सुटी असल्याने ती चौकटीत किंचित हलतात, जोर लावला की मधोमध वाकतात आणि वाकलेले पाते निसटते. चौकटीच्या खाचांत भाजीचे कण राहतात. वापरात नसलेली पाती खणात उघडीच पडलेली असतात आणि चमचा शोधताना हाताला लागतात. आमच्याकडे असा एक संच आला होता. वर्षभरात त्यातली दोनच पाती वापरली गेली आणि ती दोन्ही एकाच साध्या किसणीवर मिळाली असती.

धातूबद्दल. स्टेनलेस स्टीलवर गंज चढत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. हवेशी संयोग होऊन क्रोमियमचा एक अदृश्य थर पृष्ठभागावर बनतो आणि खरचटला तरी पुन्हा भरून येतो. '३०४' किंवा '१८/८' असे लिहिलेले असेल तर त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि मिठा-आंबटाला ते चांगले टिकते. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण ती अर्धवट आहे. स्वस्त २०० मालिकेचे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ चा दाबून वाकवलेला पत्रा कडेला थोडासा चिकटू शकतो. त्यापेक्षा पत्र्याची जाडी पाहा. दोन्ही हातांनी किसणी धरून अंगठ्यांनी मध्ये दाबा. पत्रा वाकून 'टक्क' आवाज आला तर ती परत ठेवा. मूठ पत्र्याला कशी जोडली आहे आणि कडा कशा दुमडल्या आहेत हेही पाहा. दुमडलेल्या कडेत फट असेल तर तिथे पाणी राहणार, वास येणार आणि गंज सुरू होणार तोही तिथूनच.

स्टील चांगले असले तरी कैरीचा तक्कू करून किसणी तशीच दुपारभर सिंकमध्ये ठेवू नये. मिठातल्या क्लोराइडने आणि आंबटाने संरक्षक थराला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात आणि धार आधी तिथेच जाते.

हात, मनगट आणि जखम

किसताना आपण दोन दिशांना जोर लावतो. एक भाजी किसणीवर दाबण्याचा आणि दुसरा ती खाली सरकवण्याचा. किसणी बोथट झाली की दाब वाढवावा लागतो आणि जास्त दाबलेला हात सुटतो तेव्हा जास्त जोराने सुटतो. म्हणून बोथट किसणी धारदार किसणीपेक्षा धोक्याची. किसणी स्थिर असणे तितकेच महत्त्वाचे. उभ्या चौकोनी किसणीच्या तळाला रबराची कड असेल तर उत्तम. नसेल तर खाली ओले फडके घाला. सपाट किसणीला परातीच्या काठावर अडकेल अशी खाच किंवा पाय हवेत. तिरकी टेकवली तर मनगट सरळ राहते. किसणी उभी धरली की मनगट वाकते आणि अर्धा किलो गाजरांनंतर दुखू लागते.

तुकडा लहान झाला की बोटांच्या टोकांनी धरणे सोडा. बोटे वर उचलून तळहाताच्या मधल्या भागाने तो दाबा आणि सरकवा. त्याहून लहान झाला तर काट्या-चमच्याला टोचून किसा, किंवा सरळ तोंडात टाका. खोबऱ्याच्या वाटीत बोटे आतून सुरक्षित वाटतात, पण वाटी पातळ झाली की ती अचानक तुटते. शेवटचा अंगठ्याएवढा भाग सुरीने कापावा. कापरोधक हातमोजे आता सहज मिळतात. लग्नकार्याला दहा किलो गाजरे किसायची असतील तर ते जरूर वापरा, पण स्वच्छ धुऊन वाळवलेले.

घरात आजी-आजोबांना अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर पट्टीची किंवा छोट्या दांड्याची किसणी त्यांच्यासाठी नाही. हाताने दाबून धरायची गोल फिरकीची किसणीही नाही. तिच्यात बोटे दातांपासून लांब राहतात हे खरे, पण पूर्ण वेळ मूठ आवळून धरावी लागते आणि अंगठ्यावर ताण येतो. ओट्याला चिकटून बसणारी, मोठ्या दांड्याने फिरवायची किसणी त्यांना सोयीची. मूठही जाड, न घसरणारी असावी. बारीक मुठीला जास्त आवळावे लागते.

ज्यांच्यासाठी किसायचे त्यांचाही विचार करावा लागतो. चार वर्षांखालच्या मुलांना कच्च्या गाजराचा कडक तुकडा घशात अडकू शकतो; त्यांना कीस द्यावा. कवळी असलेल्यांना किंवा दात नसलेल्यांना सॅलडचे तुकडे चावता येत नाहीत म्हणून कच्च्या भाज्या त्यांच्या ताटातूनच गायब होतात. बारीक किसलेले बीट-गाजर दह्यात कालवून दिले तर ते आवडीने खातात. मात्र अर्धांगवायूनंतर किंवा पार्किन्सनमध्ये गिळायला त्रास होत असेल तर सुटा, कोरडा कीस ठसका लावू शकतो. तिथे डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

आणि तरीही बोट सोलले गेलेच तर? आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरा, मग स्वच्छ फडक्याने दाबून हात वर धरून ठेवा. दहा मिनिटे, मध्येच उघडून न पाहता. हळद, कॉफी, चहाची पूड जखमेत भरू नका. स्वयंपाकातली हळद निर्जंतुक नसते आणि डॉक्टरांना जखम पाहताना ती आधी धुऊन काढावी लागते. रक्त थांबत नसेल, बोटाचा शेंडा तुटला असेल, मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर थेट दवाखाना गाठा. गंजलेली किसणी लागली की धनुर्वाताची भीती घातली जाते. गंजाने धनुर्वात होत नाही. त्याचे जिवाणू मातीत, धुळीत असतात आणि जखमेत कोणत्याही वाटेने जाऊ शकतात, न धुतलेल्या बटाट्यावरूनही. आपल्या लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वाताची लस दिली जाते. पुढे मोठेपणी दर दहा वर्षांनी वर्धक मात्रा घ्यायची असते आणि ती बहुतेकांनी घेतलेली नसते. जखम झाल्यावर शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवून डॉक्टरांना सांगा.

धुणे आणि शेवट

कोशिंबीर शिजत नाही. म्हणून जे कच्चे खायचे आहे ते किसण्याआधी स्वच्छ धुवा आणि आधी किसा. मातकट आले-बटाटा नंतर. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी सुऱ्या आणि किसण्या तपासल्या तेव्हा दिसले की जंतू असलेली एक भाजी कापली-किसली की ते जंतू हत्यारावरून नंतरच्या भाज्यांवरही जातात. किसणीला सुरीपेक्षा कितीतरी जास्त कडा आणि सांदी असतात, म्हणून मधूनमधून ती धुणे सोपे पण महत्त्वाचे काम.

काम झाल्याबरोबर, कण वाळायच्या आत, आधी थंड पाण्याखाली धरा. गरम पाण्याने बटाट्याचा स्टार्च खळीसारखा चिकटतो आणि चीजही ओढाळ होते. खोबऱ्याचे तेल मात्र गरम पाण्याने आणि साबणानेच जाते. घासायला स्पंज नको, जुना दात घासायचा ब्रश घ्या आणि मागच्या बाजूने, दातांच्या दिशेने घासा. गाजराने प्लास्टिकचा डबा किंवा मूठ केशरी झाली तर नुसत्या साबणाने तो रंग जात नाही. कॅरोटीन तेलात विरघळते. थोडे गोडेतेल चोळून मग साबण लावा. शेवटी किसणी उभी करून वाळवा आणि खणात टाकण्याऐवजी भिंतीला खिळ्यावर अडकवा.

घरची किसणी अजून कामाची आहे का हे पाहायला एक गाजर पुरते. लांबीच्या दिशेने धरून हलक्या हाताने किसा. कीस सरळ, लांब आणि कोरडा पडला तर ठीक. तुटक, ओला, चुरा झालेला पडला आणि हाताला जोर लागला तर तिची धार गेली आहे. घरी किसणीला धार लावता येत नाही. वाळूचा कागद घासून ती क्षणभर खरखरीत होते, धारदार होत नाही. तेव्हा ती बदलावी. जुनी किसणी कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, ती पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला लागते. दातांवर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि भंगारवाल्याला द्या. स्टीलचे तो पैसेही देईल.